ठोक्याची शेती आणि पंचवीस घरांचें कोष्टक

मराठी शाळेंत संध्याकाळीं पाढे म्हणण्याची चाल ज्यांच्या कानांत अजून घुमत असेल, त्यांना दोन बाजूंचें कोष्टक ही कांहीं परकी वस्तु वाटण्याचें कारण नाहीं. पाढ्यांच्या तक्त्यांत वरच्या आडव्या ओळींत एक आंकडा असतो, डावीकडच्या उभ्या ओळींत दुसरा. आणि बाराची उभी रांग व साताची आडवी रांग जेथें एकमेकींना छेदतात, त्या घरांत चौऱ्यायशीं हें उत्तर तयार बसलेलें असतें. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी हे सारे पाढे त्याच जातीचे. बाजारांत उभें राहून पावणेसात शेर धान्याचा हिशेब करतांना पाटी काढावी लागूं नये, म्हणून आधींच्या पिढ्यांनीं उत्तरें अगोदरच काढून तोंडपाठ करून ठेविलीं होतीं.

संगणकावर हिशेबाचा जो तक्ता मांडतां येतो, आणि ज्याला स्प्रेडशीट हें नांव रूढ झालें आहे, त्यांत अशाच बांधणीचें एक साधन आहे. फरक इतकाच, कीं या कोष्टकाच्या घरांत दोन आंकड्यांचा नुसता गुणाकार येत नाहीं. एका संपूर्ण व्यवहाराचा शेवटचा निकाल येतो. व्यवहारांतील दोन आंकडे एकाच वेळीं बदलले, तर नफा किती हलतो व कोठें तो तोट्यांत जातो, हें त्यांत एका दृष्टिक्षेपांत दिसतें. या परीक्षेस संवेदनशीलता-विश्लेषण असें भारदस्त नांव आहे. नांव भारदस्त असलें तरी प्रश्न अगदीं घरगुती आहे, आणि तो शेतकऱ्याच्या घरीं दर वर्षीं विचारला जातो.

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यांत उंद्री हें गांव आहे. पावसावरची काळी जमीन, खरिपांत सोयाबीन, त्यांत तुरीचे पाटे, आणि माल विकावयास एका बाजूस चिखली व दुसऱ्या बाजूस खामगांव, असा या टापूंतील शेतकऱ्याचा संसार. गुढीपाडव्याच्या सुमारास येथें शेतें ठोक्यानें देण्याघेण्याचे सौदे ठरतात. ज्याला स्वतः शेती करणें जमत नाहीं, तो एका वर्षाकरितां ठरीव रक्कम घेऊन शेत दुसऱ्यास देतो. रक्कम ठरली कीं मालक मोकळा झाला. पुढें आभाळाचें व बाजाराचें जें कांहीं होईल, तें ठोका घेणाऱ्याच्या माथीं.

अशा गांवांतील एक कुटुंब कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. घरची जमीन तीन एकर. शेजारची पांच एकर ठोक्यानें मिळण्यासारखी आहे, आणि मालक एकरीं दहा हजार रुपये मागतो. घरच्या कर्त्या पुरुषाच्या मनांत शेत घ्यावयाचें आहे. त्याचा मुलगा चिखलीस शिकलेला. तो कागदावर आंकडे मांडून वडिलांच्या म्हणण्यास पुष्टि देतो. चुलीजवळ बसलेली आई मात्र एवढेंच विचारते, "आणि पाऊस रुसला तर? आणि भाव पडला तर?" या दोन प्रश्नांनीं कागदावरची सारी बेरीज डळमळूं लागते. विशेष म्हणजे, एक्सेल या सर्वपरिचित कार्यक्रमांत हें साधन ज्या यादींत ठेविलें आहे, तिचें नांव व्हॉट-इफ, म्हणजे 'असें झालें तर', असेंच आहे. आईचा प्रश्न आणि यंत्राची आज्ञा यांत शब्दाचाही फरक नाहीं.

मुलानें कागदावर मांडलेला हिशेब पुढीलप्रमाणें होता. बियाणें, खत, पेरणी, डवरणी, निंदणी, फवारणी आणि सोंगणी मिळून एकरीं सोळा हजार रुपये. ठोका दहा हजार. मळणी व वाहतूक यांचा खर्च पिकाबरोबर वाढतो, म्हणून तो क्विंटलमागें तीनशें रुपये धरला. उतारा एकरीं सात क्विंटल आणि भाव क्विंटलला चार हजार सहाशें. तेव्हां मळणीचा खर्च वजा जातां क्विंटलमागें हातीं चार हजार तीनशें. सात क्विंटलांचे तीस हजार शंभर. त्यांतून सव्वीस हजार गेले, कीं एकरीं चार हजार शंभर रुपये शिल्लक. पांच एकरांचे साडेवीस हजार. हे आंकडे केवळ उदाहरणासाठीं आहेत. ज्याचें शेत त्यानें आपल्या वहींतले आंकडे घालावेत. परंतु हिशेबाची घडण कोणत्याही घरीं अशीच राहील.

या हिशेबांत चूक कांहींच नाहीं. आणि तरीही तो फसवा आहे. सोळा हजारांचा खर्च बहुतांशीं ठाऊक आहे. ठोका तर तोंडी ठरलेलाच आहे. पण सात क्विंटल हा पावसाचा अंदाज आहे व चार हजार सहाशें हा बाजाराचा. जे आंकडे ठाम आहेत त्यांच्याच पंक्तीस हे दोन अंदाज जाऊन बसले, आणि शेवटीं निघालेली रक्कम मात्र ठाम असल्यासारखी दिसूं लागली. एकच उत्तर देणाऱ्या हिशेबाचा हा मूळचा दोष होय.

त्यावर पहिला उपाय असा सुचतो, कीं एक एक आंकडा बदलून पाहावा. उतारा सात ठेवून भाव तीन हजार आठशें धरला, तर एकरीं दीड हजारांचा तोटा. भाव चार हजार सहाशें ठेवून उतारा सहा धरला, तर दोनशें रुपयांचा तोटा. हें पाहून मनुष्य म्हणतो, अडचण फारशी मोठी नाहीं. परंतु पाऊस रुसतांना बाजाराची परवानगी विचारून रुसत नाहीं. दोन्ही गोष्टी एकाच वर्षीं बिघडूं शकतात. आणि तसें झालें तर काय, याचें उत्तर एकेक आंकडा हलवून मिळत नाहीं. दोन्ही बाजू एकदम हलवून पाहावयाच्या, तर पांच उताऱ्यांचे पांच भावांशीं पंचवीस हिशेब करावे लागतात. हाताने पंचवीस वेळां मांडणी करणें कंटाळवाणें, आणि एका ठिकाणीं चूक झाली तर ती ध्यानांत येणेंही कठीण.

याच कंटाळ्यांतून स्प्रेडशीटचा जन्म झाला, असें म्हटलें तरी चालेल. अमेरिकेंतील हार्वर्ड येथें व्यापारशिक्षण घेणाऱ्या डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्यानें १९७८ च्या सुमारास वर्गांत पाहिलें, कीं फळ्यावर आंकड्यांचा तक्ता मांडलेला असतां एक आंकडा बदलला, म्हणजे त्यावर अवलंबून असलेले सारे आंकडे पुसून पुन्हां लिहावे लागतात. हा फळा आपोआप पुसून आपोआप लिहिणारा असता तर, ही कल्पना त्याच्या मनांत आली. बॉब फ्रँकस्टन या सहकाऱ्याच्या साह्यानें त्यानें ती प्रत्यक्षांत उतरविली, आणि १९७९ सालीं व्हिसिकॅल्क हा कार्यक्रम बाहेर पडला. पुढें १९८३ सालीं लोटस वन-टू-थ्री आणि १९८५ सालीं एक्सेल आलें. एका आंकड्याच्या बदलानें सारें पान बदलणें ही पहिली पायरी होती. दोन आंकड्यांचे सर्व बदल एकाच पानावर शेजारीं शेजारीं उभे करणें ही त्यापुढची.

आतां हें कोष्टक मांडण्याची रीत. स्प्रेडशीटचें पान म्हणजे चौकटींचा कागद. उभ्या रांगांना अक्षरें व आडव्या ओळींना आंकडे दिलेले असतात. त्यांवरून प्रत्येक घराला, ज्याला सेल म्हणतात, पत्ता मिळतो. मुलानें बी१ या घरांत उतारा ७ लिहावा, बी२ मध्यें भाव ४६००, बी३ मध्यें लागवडीचा खर्च १६०००, बी४ मध्यें ठोका १०००० आणि बी५ मध्यें क्विंटलमागची मळणी-वाहतूक ३००. मग बी६ मध्यें बरोबरीचें चिन्ह देऊन सूत्र लिहावें:

=बी१*(बी२-बी५)-बी३-बी४

संगणकावर हीं अक्षरें रोमन लिपींत उमटतात, एवढाच फरक. बी६ मध्यें ४१०० हें उत्तर दिसलें, म्हणजे मूळ हिशेब बरोबर उतरला. येथें एक पथ्य पाळणें अवश्य आहे. सूत्रांत सात किंवा चार हजार सहाशें हे आंकडे प्रत्यक्ष लिहूं नयेत. ज्या घरांत ते आहेत त्या घरांचे पत्ते लिहावेत. आंकडा सूत्रांत कोंडला, कीं पुढें तो बदलतां येत नाहीं, आणि कोष्टकाच्या सर्व घरांत एकच उत्तर छापून येतें.

त्यानंतर थोडें बाजूस कोष्टकाची चौकट आंखावी. डी८ हें तिचें कोपऱ्याचें घर. त्या घरांत =बी६ एवढेंच लिहावें, म्हणजे कोणत्या निकालाचें कोष्टक हवें आहे, हें यंत्रास कळतें. कोपऱ्याच्या उजवीकडे ई८ पासून आय८ पर्यंत भाव लिहावे: ३८००, ४२००, ४६००, ५०००, ५४००. कोपऱ्याच्या खालीं डी९ पासून डी१३ पर्यंत उतारा लिहावा: ५, ६, ७, ८, ९. मग कोपरा धरून डी८ पासून आय१३ पर्यंतचा सारा चौकोन निवडावा. डेटा या विभागांतील व्हॉट-इफ अॅनालिसिसच्या यादींतून डेटा टेबल ही आज्ञा द्यावी. यंत्र दोन गोष्टी विचारतें. आडव्या ओळींतले आंकडे कोणत्या घराच्या जागीं घालावयाचे? आडव्या ओळींत भाव आहेत, म्हणून उत्तर बी२. उभ्या रांगेंतले कोणत्या घराच्या जागीं? तेथें उतारा आहे, म्हणून बी१. इतकें सांगितलें, कीं यंत्र एकेक उतारा व एकेक भाव उचलून मूळ घरांत घातल्यासारखा हिशेब करतें आणि पंचवीसही निकाल आपापल्या जागीं मांडतें. मूळ घरांतले ७ व ४६०० मात्र जसेच्या तसे राहतात.

एकरीं नफा-तोट्याचे ते निकाल पुढीलप्रमाणें येतात. प्रत्येक ओळींतील रकमा डावीकडून उजवीकडे ३,८००, ४,२००, ४,६००, ५,००० व ५,४०० रुपये भावाच्या आहेत. उण्या चिन्हाची रक्कम तोट्याची समजावी.

उतारा ५ क्विंटल : −८,५०० | −६,५०० | −४,५०० | −२,५०० | −५००
उतारा ६ क्विंटल : −५,००० | −२,६०० | −२०० | २,२०० | ४,६००
उतारा ७ क्विंटल : −१,५०० | १,३०० | ४,१०० | ६,९०० | ९,७००
उतारा ८ क्विंटल : २,००० | ५,२०० | ८,४०० | ११,६०० | १४,८००
उतारा ९ क्विंटल : ५,५०० | ९,१०० | १२,७०० | १६,३०० | १९,९००

कोष्टक हातीं आलें, कीं प्रथम मधलें घर पाहावें. सात क्विंटल व चार हजार सहाशें यांच्या संगमावर ४,१०० आहेत, म्हणजे कोष्टक मूळ हिशेबाशीं जुळलें. ही पडताळणी कधींही चुकवूं नये. आडव्या व उभ्या बाजूचीं घरें सांगतांना अदलाबदल झाली, तर यंत्र तक्रार करीत नाहीं. तें निमूटपणें तीन हजार आठशें क्विंटल उतारा व पांच रुपये भाव धरतें आणि पहिल्याच घरांत एकरीं अकरा लाख सत्तेचाळीस हजारांचा तोटा दाखवितें. तेथें चूक उघडी पडते. पण दोन्ही बाजूंचे आंकडे एकमेकांच्या जवळपासचे असते, तर ती सहज लपून राहिली असती.

त्यानंतर तोट्याचीं घरें तांबड्या रंगानें भरावीं. येथें अशीं नऊ घरें आहेत, आणि तीं विखुरलेलीं नसून डाव्या वरच्या कोपऱ्यांतून पायऱ्यापायऱ्यांनीं उतरत आलीं आहेत. ही पायऱ्यांची कडा म्हणजेच नफा व तोटा यांची शीव. शेताची शीव ज्याला ठाऊक नाहीं तो जसा शेजाऱ्याच्या बांधावर नांगर घालतो, तसा ही शीव न जाणणारा मनुष्य नफ्यांत आहों असें समजत तोट्यांत पाऊल टाकतो. मूळ हिशेबाचें मधलें घर या कडेपासून केवळ एकच पाऊल दूर आहे, हें कागदावरच्या एका उत्तरावरून कधींच दिसलें नसतें.

दुसरी गोष्ट वरची संपूर्ण ओळ सांगते. उतारा पांचावर आला, तर चोपन्नशें भाव मिळूनही हातीं तोटाच येतो. म्हणजे भाव वाढून सारें सांवरेल, ही आशा त्या ओळींत खोटी ठरते. तिसरी गोष्ट दोन बाजूंच्या वजनाची. मधल्या घरावरून एक क्विंटल खालीं उतरलें, तर चार हजार तीनशें रुपयांचा फरक पडतो; एक घर उजवीकडे, म्हणजे भावांत चारशें रुपये, सरकलें तर दोन हजार आठशेंचा. तेव्हां एका क्विंटलाच्या उताऱ्याची भरपाई उरलेल्या सहा क्विंटलांतून व्हावयास भाव सुमारें सातशें सतरा रुपयांनीं वाढावा लागेल. कोणता आंकडा किती दुखतो, हें कळणें म्हणजेच संवेदनशीलता. निंदणीची एक पाळी टाळून खर्च वाचवावा कीं नाहीं, याचा विचारही मग याच मापानें होतो.

आडव्या व उभ्या ओळींत आंकडे कोठपर्यंत न्यावेत, हा प्रश्न यंत्र सोडवीत नाहीं. तो अनुभवानें सोडवावा लागतो, आणि येथेंच बहुतेक कोष्टकें फसतात. आपल्या आवडत्या आंकड्याच्या आजूबाजूस पन्नास-पन्नास रुपयांचीं पावलें टाकलीं, तर सारें कोष्टक हिरवें दिसतें व मन निर्धास्त होतें. सोयाबीनची आधारभूत किंमत २०२३-२४ सालीं ४,६००, २०२४-२५ सालीं ४,८९२ व २०२५-२६ सालीं ५,३२८ रुपये होती. कागदावरची किंमत अशी चढत गेली. पण २०२४ च्या हंगामांत बाजारांतील भाव तिच्या बराच खालीं राहिला. सरकारी खरेदीस ओलाव्याची अट असते. ती शेंकडा बारा होती, आणि २०२४ च्या नोव्हेंबरांत शेंकडा पंधरापर्यंत सैल करण्यांत आली. सुडीवर पाऊस पडलेला माल त्या अटींत बसत नाहीं. उलट २०२१ च्या ऑगस्टांत हेंच सोयाबीन कांहीं बाजारांत दहा हजारांच्या घरांत गेलें होतें, आणि नवा माल येतांच झपाट्यानें उतरलें. म्हणून भावाची ओळ आखतांना गेल्या पांच-सात वर्षांतील पडता व चढता भाव ध्यानांत घ्यावा, आणि पडत्या बाजूस एखादें घर अधिकच ठेवावें.

उताऱ्याचेंही तसेंच. महसूल खात्याची पैसेवारी गांवाच्या पिकाची एकच सरासरी काढते. ती पन्नास पैशांच्या खालीं गेली, तर टंचाईच्या सवलती लागू होतात. पूर्वीं हीच गणना सोळा आण्यांत होत असे व तिला आणेवारी म्हणत. परंतु गांवाची सरासरी ही कोणा एकाच्या शेताची नसते. ओढ्याकांठची भारी जमीन आणि बरड माथा यांचा उतारा एकाच पावसांत वेगवेगळा येतो. ठोक्यानें घ्यावयाच्या त्या पांच एकरांत मागील वर्षीं काय पिकलें, हें मालकास व शेजाऱ्यांस विचारूनच उभी ओळ लिहावी.

आणखी एक समज दूर केला पाहिजे. पीक कमी आलें म्हणजे भाव चढतो, तेव्हां एक बाजू पडली तरी दुसरी आपोआप सांवरेल, असें कित्येक म्हणतात. उंद्रीस पाऊस न पडल्यानें जगांतील सोयाबीन कमी होत नाहीं. त्याचा भाव ब्राझील, अर्जेंटिना व अमेरिका येथील पिकांवर आणि खाद्यतेलाच्या आयात-जकातीवर हलतो. भारत सरकारनें कच्च्या खाद्यतेलावरील मूळ जकात २०२४ च्या सप्टेंबरांत शून्यावरून शेंकडा वीस केली, आणि २०२५ च्या मे महिन्यांत ती शेंकडा दहावर आणली. वऱ्हाडास हा अनुभव नवा नाहीं. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेव्हां इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना व वऱ्हाडच्या कापसाचा भाव गगनास भिडला. युद्ध संपलें आणि भाव कोसळला. १८७० सालीं जलंबपासून खामगांवास लोहमार्ग आला, तो या कापसाच्याच व्यापाराकरितां. तेव्हांपासून येथील शेतकऱ्याचा पाऊस गांवचा आणि भाव परदेशचा, अशी स्थिति आहे. म्हणून कोष्टकाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यांतील घर, म्हणजे कमी उतारा व पडता भाव, अशक्य समजून झांकून ठेवतां येत नाहीं. त्या घरांत एकरीं साडेआठ हजार, म्हणजे पांच एकरांस साडेबेचाळीस हजार रुपयांचा तोटा लिहिला आहे. तो सोसण्याची घराची ऐपत आहे काय, हाच खरा प्रश्न.

तथापि नऊ घरें तांबडीं आहेत म्हणून तोट्याचा संभव पंचविसांत नऊ, असा अर्थ काढूं नये. सर्व घरें कागदावर सारख्या आकाराचीं असलीं, तरी सर्व घडण्याचा संभव सारखा नसतो. कोणत्या घराकडे वर्षाचा कल झुकेल, हें कोष्टक सांगत नाहीं. तें इतकेंच सांगतें, कीं त्या घरांत गेल्यास काय वाढून ठेविलें आहे.

येथवर पाऊस व भाव या दोन्ही बाजू शेतकऱ्याच्या हाताबाहेरच्या होत्या. अशा कोष्टकानें धोका दिसतो, पण करावें काय, हें कळत नाहीं. त्याकरितां दुसरें कोष्टक मांडावें, व त्यांत एक बाजू हाताबाहेरची आणि दुसरी हातांतली ठेवावी. पाडव्याच्या सौद्यांत हातांतली गोष्ट एकच, ती म्हणजे ठोक्याची रक्कम. सावधपणें भाव चार हजार दोनशें धरून बी२ मध्यें लिहावा. आडव्या ओळींत ठोका, उभ्या ओळींत उतारा ठेवावा. आणि यंत्रानें विचारतांच आडव्या ओळीसाठीं या वेळीं बी४ हें घर सांगावें. पुढील रकमा अनुक्रमें सहा, आठ व दहा हजार ठोक्याच्या आहेत.

उतारा ५ क्विंटल : −२,५०० | −४,५०० | −६,५००
उतारा ६ क्विंटल : १,४०० | −६०० | −२,६००
उतारा ७ क्विंटल : ५,३०० | ३,३०० | १,३००
उतारा ८ क्विंटल : ९,२०० | ७,२०० | ५,२००

आतां कोष्टक बोलूं लागतें. मधल्या प्रतीच्या वर्षीं दहा हजारांचा ठोकाही निभावतो. पण सहा क्विंटलांच्या वर्षीं तो तोट्यांत घालतो, आणि सहा हजारांचा ठोका त्याच वर्षीं तारून नेतो. सहा क्विंटल व चार हजार दोनशें भाव या पडत्या वर्षींही पदरचें जाऊं नये, अशी अट घातली, तर ठोका जास्तींत जास्त किती असावा? मळणी जाऊन येणारे तेवीस हजार चारशें. त्यांतून लागवडीचे सोळा हजार वजा. उरले सात हजार चारशें. सौद्याला बसतांना मनांत धरावयाची मर्यादा ही. या ठोक्यानें शेत घेतलें आणि पांच क्विंटल व तीन हजार आठशें असें सर्वांत वाईट वर्ष आलें, तरी पांच एकरांचा तोटा साडेबेचाळीस हजारांऐवजीं साडेएकोणतीस हजारांवर थांबतो. मालक तेवढ्यावर कबूल न झाला, तर पांचांऐवजीं दोन एकर घेणें किंवा बटाईचा सौदा करणें, हे मार्ग आहेत. बटाईंत पिकाचा वाटा ठरलेला असल्यामुळें पीक पडलें तर मालकाचाही वाटा उतरतो. तांबड्या घरांत दोघेही वांटेकरी होतात. ठोक्यांत तीं सारीं घरें एकट्याचीं.

साधन वापरतांना होणाऱ्या आणखी कांहीं चुका ध्यानांत ठेवाव्यात. एक्सेलमध्यें मूळ आंकड्यांचीं घरें व कोष्टक हीं एकाच पानावर असावीं लागतात. निराळ्या पानावरचें घर यंत्र स्वीकारीत नाहीं. कोष्टकाच्या वरच्या वा बाजूच्या ओळींत आंकडे प्रत्यक्ष लिहावेत; तेथें =बी२ असें मूळ घराकडे बोट दाखविलें, तर हिशेब चालूं असतांना तो आंकडाच बदलत राहतो व निकाल बिघडतात. कोष्टकाच्या आंतील एकच घर पुसतां किंवा बदलतां येत नाहीं. पुसावयाचे तर सर्व निकाल एकदम पुसावे लागतात. आणि कोणी मोजणीची पद्धति 'कोष्टकें सोडून आपोआप' अशी ठरवून ठेविली असेल, तर मूळ आंकडा बदलूनही कोष्टक जुनेंच राहतें; तेव्हां एफ९ ही कळ दाबावी.

ज्यांच्याकडे एक्सेल नाहीं, त्यांनीं हताश होण्याचें कारण नाहीं. लिबरऑफिस हा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. त्यांत डेटाच्या यादींत मल्टिपल ऑपरेशन्स या नांवानें हेंच साधन आहे, फक्त सूत्राचें घरही वेगळें सांगावें लागतें. गूगल शीट्समध्यें ही आज्ञा नाहीं; तेथें कोष्टकाच्या पहिल्या घरांत =$डी९*(ई$८-$बी$५)-$बी$३-$बी$४ असें सूत्र लिहून तें उजवीकडे व खालीं ओढावें. डॉलरचें चिन्ह ज्या अक्षराच्या किंवा आंकड्याच्या आधीं असतें, तो भाग ओढतांना जागचा हलत नाहीं. त्यामुळें प्रत्येक घर आपला उतारा डी रांगेंतूनच व आपला भाव आठव्या ओळींतूनच घेतें. आणि संगणकच नसेल, तर चौकटींच्या वहींत हींच पंचवीस घरें एका संध्याकाळीं हातानें भरतां येतात. पाढे पाठ असलेल्या माणसास तें जड जाऊं नये.

शेत घ्यावें कीं न घ्यावें, हें कोष्टक ठरवीत नाहीं. ज्या घरीं साडेएकोणतीस हजारांचा तोटा मुलीची फी न थांबवितां सोसवेल, तें घर सौदा करील. ज्या घरीं तो सावकाराच्या दाराशीं नेईल, त्यानें न केलेला बरा. तांबडीं घरें दोघांच्याही कागदावर तींच असतील, निर्णय मात्र वेगळे होतील, आणि दोन्ही योग्य असतील. कर्त्या पुरुषानें सौद्याला जाण्यापूर्वीं तो कागद चुलीजवळ नेऊन घरच्या बाईपुढें ठेवावा. तिनें विचारलेल्या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें त्या पंचवीस घरांत रुपयांत लिहिलेलीं आहेत. आणि 'एकरीं सात हजार चारशेंच्या वर बोलूं नका' हें सांगावयास मग तिला संगणकाची गरज पडणार नाहीं.